दुसऱ्या चुलीचा घास

आमच्या वस्तीत आता आमच्यातली चूल एकच पेटते, ती माझी. घरं आहेत, पत्रे आहेत, दारं आहेत, काही दारांना कुलपंही आहेत. माणसं तेवढी नाहीत. कुणी चाकणला, कुणी भोसरीला, कुणी बारामतीच्या एमआयडीसीत. काही घरांत भाडेकरू राहतात. चांगली माणसं आहेत, मावशी मावशी करतात, संध्याकाळी कोथिंबीर मागायला येतात. पण ती आमच्यातली नाहीत. मी हे असं तोंडावर बोलले की लोकांना वाटतं म्हातारी जातीवर आली. जातीचं नाही हो ते, घासाचं आहे. नीट सांगते.

आम्ही मूळचे डोंगरातले, महादेव कोळी. धरण झालं, गाव पाण्यात गेलं, आणि सरकारनं आम्हाला उचलून इथं इंदापूर तालुक्यात कॅनॉलच्या कडेला आणून ठेवलं. मी तेव्हा नवी नवरी होते. डोंगरात आमचं खाणं म्हणजे नाचणी, वरई, थोडासा भात आणि पावसाळ्यात रानातला पाला. श्रीमंती कुणाकडंच नव्हती. पण पीक घरात आलं की आमच्यात नवं करायचं असतं. नव्या नाचणीची पहिली भाकर करायची, पितरांचा वाटा बाहेर ठेवायचा, आणि मग पहिला घास आपल्या हातानं आपल्या तोंडात घालायचा नाही. दुसऱ्या चुलीच्या माणसानं तो आपल्याला भरवायचा, आणि आपण त्याला. नवरा-बायकोनं एकमेकांना भरवलेलं चालत नाही, कारण चूल एकच. असं नवं झाल्याशिवाय त्या धान्याला घरात कुणी हात लावत नाही.

लहानपणी मला तो सण वाटायचा. लग्नानंतर सासूनं शहाणपण शिकवलं. ती म्हणायची, "पोरी, भाकरीवरनं घर कळतं." नव्याच्या दिवशी ह्या घरातनं त्या घरात जाताना सगळं दिसायचं. कुणाची भाकर जाड, कुणाची पातळ, कुणी तवाच टेकवला नाही. ज्याच्याकडं पिकलं नाही त्याच्याकडं आठ दिवसांत कुणी ना कुणी पायली, अर्धी पायली टाकून यायचं, आणि पुन्हा त्या गोष्टीचा विषय निघायचा नाही. मागणाऱ्याला तोंड वेंगाडायला लागत नव्हतं. आज रेशनकार्ड आहे, अंगठा लावला की तांदूळ-गहू मिळतो, मी उपकार विसरणारी नाही. पण अंगठा लावताना मागं उभ्या असलेल्या माणसाच्या घरात काय आहे हे मला कळत नाही, आणि माझ्या घरातलं त्याला कळत नाही.

दुसरी रीत बियाची. बी मागितलं तर आमच्यात नाही म्हणत नाहीत. आणि देताना मूठ मोजून देत नाहीत. बियाची आख्खी दुरडी मागणाऱ्यापुढं धरायची आणि आपण तोंड दुसरीकडं फिरवायचं. मागणाऱ्यानं आपल्या हातानं घ्यायचं. आपण बघायचं नाही, म्हणजे त्याला लाज वाटत नाही. आणि मागणारा मूठभरच घेतो. त्याला कुणी सांगत नाही, पण मुठीच्या वर जात नाही. पुढच्या साली तो मुठीची ओंजळ करून परत आणून टाकतो. इतकी वर्षं असंच चाललं.

इथं आलो तर काळी जमीन, कॅनॉलचं पाणी आणि चहूकडं ऊस. नाचणीला निचऱ्याचं रान लागतं. ह्या काळ्यात ती उंच वाढायची आणि पाण्यानं लोळायची. पहिली काही वर्षं हट्टानं लावली. मग एकेकानं ऊस लावला, मग ऊससुद्धा दुसऱ्याला वाट्यानं दिला, मग घराला कुलूप लावलं. जाताना प्रत्येक जण आपलं बी माझ्या थोरल्या जावेकडं आणून द्यायचा. "अक्का, ऱ्हाऊ द्या तुमच्याकडं, आमी काय कुठं पळून जात न्हाय." अक्का म्हणजे माझी थोरली जाऊ. सगळे तिला अक्काच म्हणायचे. ती मला धाकटे म्हणायची. ती दरवर्षी कॅनॉलच्या कडेला मुरमाचा ढिगारा होता, खोदकामातला, त्याच्यावर दोन-चार वाफे नाचणी लावायची. खायला नाही, बी जिवंत राहायला. ऊसवाल्यांना तो ढिगारा नको होता म्हणून ते आमचं रान. त्यातल्याच पिठाची एखादी भाकर व्हायची आणि आम्ही दोघी जावा एकमेकींना भरवून नवं करायचो. दोन चुली असल्या तरी रीत पुरी होते. नवरे दोघींचेही गेलेले, पोरं दोघींचीही बाहेर. तिचं दार माझ्या दारापासून तीसेक पावलांवर.

आणि मग तो पाहुणा आला.

मी शाळेत पोषण आहाराची खिचडी शिजवते. त्या दिवशी भांडी घासून घरी आले तर अक्का ओट्यावर बसलेली, चांगली खुशीत. मला म्हणाली, "धाकटे, पाहुणा आला होता जीपमधनं. गळ्यात कार्डाचा पट्टा. लई गोड बोलला बघ. देशी बी गोळा करतोय म्हणं."

"मग?"

"मग काय? बी मागितलं त्यानं. धरली की दुरडी पुढं."

मी दुरडीत डोकावले. रिकामी. कामट्यांच्या फटीत चार दाणे अडकलेले, ते नखानं काढून बघितले तर पोचट.

"सगळं नेलं?"

"व्हय."

"आन दुरडी हलकी झालेली तुमच्या हाताला कळली न्हाय?"

"कळली की," ती म्हणाली. "पर बघायचं कसं? मागनाऱ्याकडं बघायचं नसतंय. म्हनलं, त्याची गरज मोठी असंल."

मी कपाळावर हात मारून घेतला. त्या दुरडीत एकट्या अक्काचं बी नव्हतं, उठून गेलेल्या सगळ्या घरांचं होतं. मी तिला आयुष्यात पहिल्यांदा अगं-तुगं केलं. म्हणाले, तुझे डोळे काय कपाळाला गेले होते, तू आख्ख्या गावाचं पोट पिशवीत घालून दिलंस. ती म्हणत राहिली, "रीतच हाय, धाकटे, रीतच हाय." रीत रीत ऐकून माझं टाळकं आणखी फिरलं. रागात माझ्या जिभेला हाड राहत नाही, हे मला आईनं लहानपणीच सांगितलं होतं. मी ओरडून म्हणाले, "ह्याच्या फुडं तुझ्या हातचा घास माझ्या तोंडात जायचा न्हाय. मेले तरी न्हाय!"

तिनं दुरडी उचलली आणि आत गेली.

त्या पाहुण्यानं एक नंबर ठेवला होता. माझ्या मुलानं पुण्याहून चार-पाच वेळा लावला, मग तो बंदच लागायला लागला. तो माणूस लबाड होता असं मी आजही म्हणत नाही. त्याला वाटलं असेल बाई देतेय, घ्यावं. मूठभरच घ्यायचं असतं हे त्याला कुणी सांगितलंच नव्हतं. आमच्यात ते सांगायला लागत नाही, तिथंच सगळी बोंब झाली.

सहा वर्षं आम्ही बोललो नाही. तीस पावलांवर दोन बायका, आणि बोलायला तिसरं माणूस नाही. तिच्या चुलीचा धूर मला दिसायचा, फोडणीचा वास यायचा, आज हुलग्याचं माडगं, आज नुसती चटणी. मला खोकला झाला की तिच्या घरातला रेडिओ बारीक व्हायचा, हेही मला कळायचं. आपलेच दात आणि आपलेच ओठ, दुसऱ्या कुणाला सांगायचं? मी कोंबडीशी बोलायला लागले. शाळेत दिवसभर पोरांचा गलका, आणि घरी आले की ताट घेऊन टीव्हीसमोर बसायचं. रेशनच्या गव्हाची पोळी. पोट भरायचं. जेवले असं वाटायचं नाही. खरं सांगते, पहिल्या वर्षातच माझा राग निवला होता. पण सुंभ जळला तरी पीळ जात नाही, तसलं माझं. तिनं एकदा दारात यावं, मग बघू, असं मनात म्हणायची. आणि ती यायची नाही, कारण तिच्या हातच्या घासाला मीच नाही म्हटलं होतं. थोरली असून ती कशी येणार?

मग गेल्या उन्हाळ्यात, शाळेला सुट्टी लागलेली, एका सकाळी दार उघडलं तर उंबऱ्यावर चिंधीची गाठ. हिरवी चिंधी, अक्काच्या जुन्या लुगड्याची. ते लुगडं मी शंभरदा दोरीवर बघितलेलं. गाठ सोडली. आत नाचणी. मूठभर. लालसर, बारीक, आमचीच. तोंडात दोन दाणे टाकून चावून बघितले आणि उंबऱ्यावरच बसले. कुठनं आणली असेल? मी तिच्या दाराकडं बघितलं. दार लोटलेलं होतं. मी हाक मारायला पाहिजे होती. मारली नाही. का नाही मारली हे मला आजतागायत कुणाला सांगता आलेलं नाही, स्वतःलासुद्धा.

बी मात्र मी वाया जाऊ दिलं नाही. मुरमाच्या ढिगाऱ्यावर शेण-पाला टाकून रोपांसाठी एवढासा राब भाजला, पावसाच्या तोंडावर पेरलं, रोपं वर आल्यावर ओळीनं लावली. पावसानं ओढ दिली की कॅनॉलमधनं कळशीनं पाणी. शेजारचे उसाचे मालक बांधावरनं जाताना थांबले. "मावशी, ह्ये काय गवत लावलंय?" म्हटलं, नाचणी हाय तात्या. "आसं व्हय! आमच्या घरी बारामतीवरनं पुडा आणत्यात नाचणीचा. शुगरला चांगली म्हणं." मी म्हटलं, व्हय, शुगर व्हायच्या आधी पण चांगलीच असती. ते हसले आणि गाडी पुढं नेली.

कणसं भरायला लागली तशा चिमण्या पडायला लागल्या. मी सकाळी शाळेत, राखणार कोण? म्हटलं, जाईल तेवढं जाईल. एक दिवस शाळा लवकर सुटली म्हणून दुपारच्या आधीच आले, तर ढिगाऱ्याजवळ अक्का बसलेली. डोक्यावर पदर, हातात तेलाचा रिकामा डबा आणि काठी. चिमण्या आल्या की डबा वाजवायची. मला बघितलं तशी उठली, गुडघ्यावर हात देऊन, आणि मागच्या वाटेनं घरी गेली. दुसऱ्या दिवशी मी मुद्दाम वेळेआधी निघाले आणि लांब उसाच्या आडोशाला उभी राहिले. ती होतीच. रोज येत होती म्हणजे. मी तिथं आडोशाला उभी राहून रडले आणि मग नेहमीच्या वेळेला, खोकत, चपला वाजवत घरी आले, म्हणजे तिला आधीच उठून जायला वेळ मिळावा.

दिवाळीनंतर कणसं खुडली. वाळवली, काठीनं झोडली, पाखडली. बियाला अर्धं बाजूला काढलं तरी दोन-तीन भाकरींचं पीठ होईल एवढं राहिलं. इतक्या वर्षांनी माझ्या घरात आमचं स्वतःचं धान्य आलं होतं, ना दुकानातलं, ना सरकारचं. आता नवं करायचं. रीत अशी की धाकट्यानं थोरल्याच्या चुलीवर भाकर न्यायची. म्हणजे मी जायचं. तीस पावलं.

आज जाते, उद्या जाते. म्हटलं, पौर्णिमेला जाऊ. पौर्णिमेला म्हटलं, शाळेत तपासणी आहे, रविवारी जाऊ. खरं कारण तपासणी नव्हतंच. तिच्या दारात भाकर घेऊन उभी राहिले आणि ती म्हणाली, "का गं, माझ्या हातचा घास चालतोय का आता?", तर मी काय तोंड वर करून बोलणार होते? ती असं बोलणारी बाई नव्हती. हे मला माहीत होतं तरी भीती वाटायची. पीठ डब्यात पडून राहिलं. रविवारीही मी गेले नाही.

बुधवारी सकाळी तिच्या चुलीचा धूर दिसला नाही. मी अंगणात दात घासताना बघितलं. मनात आलं, मुलाकडं गेली असेल, बारामतीशेजारी जळोचीला. तो तिला कधीपासून या या म्हणत होता. दुसरंही मनात आलं, पण शाळेत पोरांची खिचडी थांबणार होती. मी गेले. तांदूळ निवडला, डाळ धुतली, पोरांना वाढलं, कुणाला जास्त वाढलं म्हणून भांडण सोडवलं. आणि हे सगळं करत असताना अक्का तिच्या घरात जमिनीवर पडलेली होती.

दुपारी आले तरी दार तसंच. मग मात्र पावलं आपोआप तिकडं वळली. ढकललं तर उघडलं. चुलीपुढं एका कुशीवर पडलेली, एक हात अंगाखाली, तोंड वाकडं झालेलं, डोळे उघडे. माझ्याकडं बघत होती. मी तिला उचलायला गेले, माझ्यानं उचलेना, मी ओरडत बाहेर आले. उसाचे तात्याच धावून आले पिकअप घेऊन. मागं गादी टाकली, तिचं डोकं मांडीवर घेतलं आणि बारामती गाठली. वाटेत कारखान्याकडं जाणाऱ्या उसाच्या ट्रॉल्यांची रांग. तात्या हॉर्न देऊन देऊन थकले. मी तिला सांगत होते, "अक्का, आलं, आता आलं." सहा वर्षांनी मी तिच्याशी बोललेली ती पहिली वाक्यं.

डॉक्टर म्हणाले, झटका पहाटेच आला असावा. आणायला उशीर झाला. मला कुणी बोल लावला नाही. तिच्या मुलानंही नाही. सकाळी तिच्या चुलीचा धूर नव्हता, ते मी बघितलं होतं, हे मी त्याला सांगितलंच नाही. आज इथं पहिल्यांदा सांगतेय.

दोन दिवस आत कुणाला सोडलं नाही. तिसऱ्या दिवशी तिच्या मुलाचा फोन आला, काकी, वॉर्डात आणलंय, येऊन बघून जा. त्याच्या आवाजावरनं मला कळायचं ते कळलं. पहाटे उठले. डब्यातलं पीठ काढलं. गॅस आहे माझ्याकडं, पण ही भाकर मी मागच्या चुलीवरच केली. उकळत्या पाण्यात पीठ मळलं, थापली. इतक्या वर्षांनी थापत होते, पहिली कडेला चिरली. दुसरी बरी झाली. पितरांचा वाटा बाहेर ठेवला. दोन्ही भाकरी फडक्यात बांधल्या आणि फाट्यावर जाऊन एसटी धरली. बसमध्ये फडकं मांडीवर धरून बसले होते. शेजारच्या बाईनं विचारलं, डबा घेऊन चाललाय व्हय, कोण हाय दवाखान्यात? मी म्हटलं, जाऊ हाय. ती म्हणाली, आता जावांचं एवढं कोण करतंय.

वॉर्डात शेवटच्या कॉटवर होती. नाकातनं नळी. उजवी बाजू सगळी गेलेली, हात चादरीवर ठेवला तसा पडलेला. मुलगा स्टुलावर बसला होता, दाढी वाढलेली. उठून मला जागा दिली. हळूच म्हणाला, "काकी, ती ओळखत नाही बहुतेक कुणाला." मग बाहेर बघत म्हणाला, "मे महिन्यात ती मला म्हणाली, डोळे दाखवायला जाते. मी पैसे दिले. डोळे कुठले, ती गेली डोंगरात, तिच्या माहेरच्या वाडीला. दोन एसट्या बदलल्या, वरती ती चढण चढली, त्या गुडघ्यांनी. तिथं एका घरी बी मागितलं. मला आल्यावर सांगितलं आणि म्हणाली, धाकटीला सांगू नको."

मी फडक्याची गाठ सोडली. नाचणीचा वास आला. सिस्टर लगेच आली. तरुण पोरगी, चांगली होती. "मावशी, तोंडानं काही द्यायचं नाही हं त्यांना. गिळता येत नाही. श्वासात गेलं तर जीवावर बेतेल." मी म्हटलं, नाही देत बाई, नुसती दाखवते.

मी अक्काच्या तोंडाजवळ वाकले. "अक्का, नवं आणलंय," म्हटलं. "तुमीच दिलेल्या मुठीचं. चुकलं माझं. तेव्हाच चुकलं होतं." ती छताकडं बघत होती. मी भाकरीचा तुकडा मोडला आणि तिच्या डाव्या हाताच्या तळव्यावर ठेवला. बोटं हलली नाहीत. शेजारच्या कॉटवर कुणाचा तरी मोबाइल वाजत होता, मुलगा खिडकीशी जाऊन उभा राहिला होता. मला वाटलं, संपलं. परत घ्यावा म्हणून मी तुकड्याला हात लावला, तर तिनं मूठ मिटली.

तिनं तो हात उचलला. निम्म्यात आला आणि परत चादरीवर पडला. पुन्हा उचलला. तेव्हा मी खाली वाकले, पार कॉटच्या कडेपर्यंत, आणि तोंड तिच्या हाताशी नेलं. तिनं तुकडा माझ्या ओठांवर दाबला. थोडा सांडला, थोडा आत गेला. डाव्या हातचं आमच्यात कुणी खात नाही. मी खाल्लं. चावताना डोळ्यांतलं पाणी तोंडात येत होतं, चव धड कळली नाही. इतकं कळलं की नाचणी आपलीच आहे.

तिचे डोळे आता माझ्यावर होते, छतावर नव्हते. ओळखत होती मला, चांगली ओळखत होती. आणि मग तिनं तोंड उघडलं. एकाच बाजूनं उघडत होतं, दुसरी बाजू तशीच लोंबलेली. रीतीप्रमाणे आता माझी पाळी होती. सवयीनं माझ्या हातानं तुकडा मोडलासुद्धा. मुलगा खिडकीपाशी वळला, "काकी, नको." सिस्टर दारातनं बघत होती.

मी तो घास हातात धरून बसले. तिला सांगत होते, "अक्का, ही सिस्टर नको म्हणती. तुमाला गिळायचं न्हाय. बरं झाल्यावर भरवते, घरी गेल्यावर." काय काय सांगत होते. ती तोंड मिटेना. एवढंसं उघडं तोंड आणि माझ्या हाताकडं लागलेले डोळे, किती वेळ. मी बोललेलं तिला कळत होतं की नाही, कुणास ठाऊक. तिला वाटलं असेल, धाकटीचा राग अजून गेला न्हाय.